एएमसीवाल्यांनो, पार्ट्यांची माहिती कशात ठेवता? (पासवर्ड, आयपी, नकाशे, सगळंच)

शिरोली_नाका | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, कोल्हापुरात आमचं आयटी एएमसीचं (वर्षाच्या करारावर कॉम्प्युटर-नेटवर्कची देखभाल) छोटं ऑफिस आहे. मला धरून सहा जण. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर मिळून ३८ पार्ट्या. निम्म्या फौंड्र्या आणि मशीन शॉप, बाकी दोन सीए, एक हॉस्पिटल, एक पतसंस्था आणि किरकोळ. पुण्या-मुंबईत ह्याच धंद्याला एमएसपी (मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर) म्हणतात आणि बिल तिप्पट लावतात.

गेल्या महिन्यात आमचा सगळ्यात जुना पोरगा पुण्याला गेला. भांडण-बिंडण काही नाही, पेढे वाटून गेला. जाताना एक एक्सेल दिली, म्हणाला, "दादा, सगळं ह्यात हाय."

चौथ्या दिवशी एका फौंड्रीतनं फोन. वजनकाट्याच्या पीसीची हार्डडिस्क गेली. डेटाचा बॅकअप होता, म्हणून निवांत गेलो. नवी डिस्क टाकली, विंडोज टाकलं, काट्याचं जुनाट सॉफ्टवेअर सीडीवरनं चढवलं. बाहेर इंडिकेटरवर १६,४८० किलो दिसतंय आणि आत स्क्रीनवर भोपळा. म्हणजे सिरीयल पोर्टचं, काटा पीसीला जोडतात त्या जागेचं, सेटिंग पाहिजे. एक्सेल उघडली. त्या पार्टीपुढं लिहिलेलं: "काटा - जुनंच सेटिंग."

पोरगा नव्या ऑफिसात ट्रेनिंगला, मोबाईल बंद. इंडिकेटरवरची कंपनीची पट्टी केव्हाच उडालेली. गेटवर स्क्रॅपचे ट्रक, ड्रायव्हर हॉर्न मारतायत, मालक काही न बोलता माझ्याकडं बघतायत. अकरा ते अडीच. अडीचला मेसेज आला: कॉम ३, २४००, इव्हन, ७ बिट, १ स्टॉप. एका ओळीसाठी साडेतीन तास.

तर आत्ता आमच्याकडं आहे ते असं: ती एक्सेल, 'ऑफिस पासवर्ड' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप, माझ्या दोन डायऱ्या आणि पोरांची डोकी. आयटी ग्लू, हुडू, आयटीफ्लो, बुकस्टॅक ही अशी माहिती ठेवायच्या सॉफ्टवेअरची नावं वाचून ठेवलीत. एक मित्र म्हणतो वननोट बास आहे. कुणी खरोखर वापरलंय का? जाहिरातीतलं नको, वापरलेलं सांगा.

---

गंजीफा | सोमवार, रात्री १०:३१

व्हॉट्सॲप ग्रुपला तोड नाही दादा. सर्च मारायचा, पासवर्ड हजर. ह.घ्या.

---

शिरोली_नाका | सोमवार, रात्री १०:४०

हलकं कसं घेऊ? तो पोरगा अजून ग्रुपात आहे. उद्या सकाळी काढतो.

---

जुनाजाणता_शाहूपुरी | मंगळवार, सकाळी ७:५०

ग्रुपातनं काढलं तरी त्याच्या फोनवरचे जुने मेसेज जात नाहीत. पासवर्डच बदलावे लागतील, ३८ पार्ट्यांचे. पोरगा सोन्यासारखा असला तरी. त्याचा फोन चोरीला गेला म्हणजे?

आता मुद्द्याचं. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, ते ऑफिसातल्या डब्यावर (सर्व्हरवर) ठेवू नका. आमचं ऑफिस शाहूपुरीत, तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. आमच्याकडं तेव्हा सगळी माहिती एका नासवर (नेटवर्कवर डेटा साठवायचा डबा), व्यवस्थित, फोल्डरवार, मला अभिमान होता त्याचा. पाणी येतंय म्हटल्यावर आम्ही काय केलं? पार्ट्यांच्या दुरुस्तीला आलेल्या मशिनी माळ्यावर चढवल्या, कारण त्या लोकांच्या. आपला नास टेबलावर ठेवला, टेबलापर्यंत काय येतंय म्हणून. टेबलच तरंगलं.

पाणी उतरल्यावर प्रत्येक पार्टीला आपलं नेटवर्क पुन्हा उभं करायचं होतं, आणि कुणाचा स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा कायमचा पत्ता) काय हे आम्हाला ठाऊक नाही. फायरवॉलची बिलं शोधून सिरीयल नंबर काढले. दीड महिना गेला. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा माहिती बाहेरच्या सर्व्हरवर होती, आठ दिवसांत सगळे चालू.

आणि उलटी बाजू पण ध्यानात घ्या. पुरात लाईट नाही, टॉवर बंद. तेव्हा ढगातलं सॉफ्टवेअर काय कामाचं? म्हणून मोठ्या दहा पार्ट्यांचा एकेक कागद छापून माझ्या घरी लाल फाईलमध्ये असतो. पासवर्ड नसतात त्यात. लाईन कुणाची, ग्राहक क्रमांक, आयपी, फायरवॉलचं मॉडेल, मालकाचा आणि मालकाच्या घरचा नंबर. दर जूनला नवा छापतो, पावसाच्या आधी.

---

टेस्टर_पिशवीत | मंगळवार, दुपारी १:१५

सॉफ्टवेअर निवडतात ते खुर्चीत बसून. वापरतो आम्ही, टेबलाखाली, तोंडात टॉर्च धरून. मी साईटवर जातो त्याला आठ वर्षं झाली (हो, मी बाईच आहे, कोल्हापुरात आम्ही 'जातो'च म्हणतो, पुणेकरांनी गप बसावं).

माझी परीक्षा सोपी आहे. डेमो देणाऱ्याला सांगा लॅपटॉप मिट, मोबाईल काढ, आणि अमुक पार्टीच्या फायरवॉलचा पासवर्ड दाखव. किती वेळा बोट लावावं लागलं ते मोजा. दुसरं, साईटवरनं फोटो सरळ त्या पार्टीच्या पानावर चढतो का बघा. रॅकचा एक फोटो चार पानं लिहिण्यापेक्षा बरा. केबल कुठल्या पोर्टात होती हे कुणी लिहीत नाही, फोटो मात्र कुणीही काढतं.

आणि नेटवर्कच्या स्विचवर लेबल लावा की राव! पंधरा हजाराचं सॉफ्टवेअर घेतात आणि वीस रुपयांची पट्टी चिकटवत नाहीत. आमच्याकडं प्रत्येक डब्यावर क्यूआर आहे, स्कॅन केला की त्या डब्याचं पान उघडतं. स्नाईप-आयटीतनं ही लेबलं निघतात, ते फुकट आहे. पण ते मालमत्तेच्या नोंदीपुरतं. 'कसं दुरुस्त करायचं' हे त्यात ठेवत बसू नका.

---

अर्धा_पुणेकर | मंगळवार, रात्री ११:०५

गप बसलो होतो, पण आयटी ग्लू आणि हुडू दोन्ही वापरलीत, अमेरिकेतल्या क्लायंटचं काम करणाऱ्या कंपन्यांत. जरा लांबण लागेल.

आधी हे समजून घ्या की वननोट, शेअरपॉइंट, बुकस्टॅक ही वही आहे, आणि आयटी ग्लू, हुडू ही खतावणी. वहीत तुम्ही पान लिहिता. खतावणीत प्रत्येक गोष्टीचं खातं असतं आणि खाती एकमेकांना जोडलेली असतात. धागाकर्त्याच्या फौंड्रीचंच घ्या. काट्याचा पीसी हे एक खातं. त्याला जोडलेलं काट्याचं सॉफ्टवेअर दुसरं, त्यात कॉम पोर्ट, बॉड रेट, पॅरिटी असे ठरलेले रकाने. त्याला जोडलेला काटेवाल्याचा नंबर, विंडोजचा पासवर्ड, आणि 'डिस्क गेली तर काय करायचं' हे पान. पीसी उघडला की बाकीचे चार बाजूला दिसतात. शोधावं लागत नाही. आयटी ग्लूत ह्याला फ्लेक्सिबल ॲसेट म्हणतात, हुडूत ॲसेट लेआउट. रकाने तुम्ही ठरवायचे. रकाना रिकामा असला की डोळ्यांना खुपतो, मोकळ्या पानावर राहून गेलेलं कुणालाच दिसत नाही. माझ्या मते पैसे ह्या एका गोष्टीचे असतात.

आयटी ग्लू मूळ व्हँकुव्हरचं, २०१८ पासून कसेया ह्या अमेरिकन कंपनीकडं. फक्त क्लाउडवर. मोठ्या कंपन्यांच्या तिकिटाच्या (तक्रारी नोंदवायच्या) आणि मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरशी जोडणी तयार मिळते, मशीनची यादी आपोआप भरते. सहा जणांच्या ऑफिसला ते जड होईल, कारण ती जोडलेली सॉफ्टवेअरं पण तुमच्याकडं पाहिजेत. नसतील तर तुम्ही महागडी एक्सेल घेताय.

हुडू क्लाउडवर मिळतं आणि स्वतःच्या सर्व्हरवर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) पण चालतं. पैसे वापरणाऱ्या माणसांवर, पार्ट्या कितीही असोत. डोमेन (वेबसाईटचं नाव) आणि एसएसएल (तिचं सुरक्षेचं प्रमाणपत्र) कधी संपतंय त्याची आठवण देतं. सहा माणसं, ३८ पार्ट्या हा हिशेब त्यात बसतो.

आयटीफ्लो ओपन सोर्स आहे, त्यात डॉक्युमेंटेशनबरोबर तिकीट आणि बिल पण येतं. एका माणसाच्या धंद्याला छान. मी ते फक्त करून बघितलंय, रोज वापरलेलं नाही.

पैशाचं एक कुणी सांगत नाही. परदेशी कंपनीच्या बिलावर १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जनं आपणच भरायचा असतो, नंतर क्रेडिट मिळतं, पण आधी रोख जाते. सीएला विचारून ठेवा. आणि कार्डावरची आपोआप वसुली १५,००० रुपयांच्या वर गेली की दर वेळी ओटीपी लागतो, आणि बऱ्याच परदेशी कंपन्यांच्या यंत्रणेला तो प्रकार झेपत नाही. आमचं खातं एकदा असंच पैसे न गेल्यामुळं बंद पडलं होतं, शनिवारी रात्री.

---

फुकट_ते_पौष्टिक | बुधवार, सकाळी ९:२०

वही म्हणून नाक मुरडू नका. बुकस्टॅक गेली पाच वर्षं वापरतोय, एक रुपया लायसन्स नाही. शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान, अशी मांडणी. एक पार्टी म्हणजे एक पुस्तक. नव्या पोराला शिकवावं लागत नाही, शाळेत गेलेला असला की झालं. नेटवर्कचा नकाशा पानातच काढता येतो, आणि पान पीडीएफ किंवा मार्कडाउनमध्ये बाहेर काढता येतं. पासवर्डसाठी शेजारी व्हॉल्टवॉर्डन, त्यात पार्टीवार कलेक्शन. व्हीपीएसचं (भाड्याच्या सर्व्हरचं) महिन्याचं भाडं एका मिसळपार्टीएवढं.

नेटवर्क मोठं असेल तर नेटवर्कच्या नोंदी ठेवायचं नेटबॉक्स बघा. डिजिटलओशन ह्या क्लाउड कंपनीच्या नेटवर्कवाल्यांनी स्वतःसाठी बनवलं आणि २०१६ ला खुलं केलं. पण फौंड्रीच्या दोन स्विचसाठी नेटबॉक्स म्हणजे कांदा चिरायला तलवार.

---

अर्धा_पुणेकर | बुधवार, सकाळी १०:०२

बुकस्टॅक चांगलंच आहे. एकच प्रश्न. तुमचा बुकस्टॅकचा बॅकअप शेवटचा परत चढवून कधी बघितलात? घेतला कधी नव्हे, चढवून कधी बघितला?

---

फुकट_ते_पौष्टिक | बुधवार, सकाळी १०:४७

...

---

फुकट_ते_पौष्टिक | बुधवार, रात्री ९:३०

चढवून बघितला. डेटाबेस आला, फोटो आले नाहीत. अपलोडचं फोल्डर बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये नव्हतंच, पाच वर्षं. आता घातलंय. तुमचे उपकार कसे फेडू? मिसळ लागू.

---

टेस्टर_पिशवीत | बुधवार, रात्री ९:४४

:)) म्हणून म्हटलं, लेबल लावा.

---

बँकेतला | गुरुवार, दुपारी २:२५

मी टेबलाच्या पलीकडचा, एका अर्बन बँकेत आयटी बघतो. तुम्ही सगळे 'आमची माहिती, आमचं डॉक्युमेंटेशन' म्हणताय. माहिती आमची आहे हो. तुमच्याकडं ठेवायला दिलीय.

आधीच्या एका व्हेंडरनं एएमसी संपल्यावर फायरवॉलचा ॲडमिन पासवर्ड द्यायला पंधरा दिवस लावले. 'साहेब, बघतो, जुन्या लॅपटॉपवर आहे.' तेव्हापासून करारात कलम घालतो: सगळी नोंद वाचता येईल अशा रूपात, मागू तेव्हा मिळाली पाहिजे. म्हणून माझा सल्ला, ज्या सॉफ्टवेअरमधनं एका पार्टीचीच माहिती वेगळी बाहेर काढता येते तेच घ्या. उद्या तुम्हाला आम्हाला द्यायचीय, आणि आमच्याबरोबर बाकी सदतीस जणांची नाही.

आमच्यावर रिझर्व्ह बँकेचं दडपण आहे. अर्बन बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट २०१८ ला आली, २०१९ च्या ३१ डिसेंबरला तिच्या चार पायऱ्या झाल्या. एप्रिल २०२३ ला आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश आले, त्यात मोठ्या अर्बन बँकांना व्हेंडर सोडायची वेळ आली तर काय, ह्याची योजना आधीच लिहून ठेवायला सांगितलंय. ऑडिटर विचारतो, तुमच्या व्हेंडरच्या कुठल्या माणसानं कुठला पासवर्ड कधी बघितला? व्हॉट्सॲप ग्रुप ह्याचं उत्तर देत नाही.

शिवाय २८ एप्रिल २०२२ चा सर्ट-इनचा (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा) आदेश, सायबर घटना ध्यानात आली की ६ तासांत कळवायची, आणि लॉग (यंत्रणेतल्या आपोआप नोंदी) १८० दिवस ठेवायचे. सहा तासांत पार्टीचं कुठलं मशीन कुठं आहे हेच शोधत बसलात तर कळवणार काय?

---

शिरोली_नाका | गुरुवार, रात्री ८:५५

घाम फुटला वाचून. पासवर्ड त्याच सॉफ्टवेअरमध्ये ठेवावेत की वेगळे? एकाच टोपलीत सगळं ठेवायचं म्हणजे भीती वाटते.

---

अर्धा_पुणेकर | गुरुवार, रात्री ११:३०

भीती बरोबर आहे. २०२२ मध्ये लास्टपास ह्या पासवर्ड ठेवायच्या सेवेतनं ग्राहकांच्या तिजोऱ्यांचा बॅकअप चोरीला गेला. पासवर्ड कुलुपात होते, पण वेबसाईटचे पत्ते उघडे. म्हणजे कोण कुठं खातं ठेवतो हे चोराला कळलं. आणि आपला धंदा म्हणजे चोराला आयता दरवाजा. जुलै २०२१ मध्ये कसेयाच्या व्हीएसए ह्या रिमोट सॉफ्टवेअरमधनं रॅन्समवेअर गेलं ते एमएसपींमार्फत त्यांच्या पार्ट्यांत, ८०० ते १५०० धंदे अडकले असा कंपनीचाच अंदाज होता.

तरी रोजचे पासवर्ड खतावणीतच ठेवा. वेगळे ठेवले की पोरं दोन ठिकाणी लॉगिन करायचा कंटाळा करतात आणि परत चिठ्ठी सुरू होते. मात्र तीन गोष्टी बाहेर: डोमेन जिथनं घेतलंय तिथलं लॉगिन, बॅकअपची एन्क्रिप्शन की, आणि ह्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा मुख्य ॲडमिन. त्या पाकिटात, लॉकरमध्ये.

अजून एक. पुण्याला गेलेल्या पोराच्या फोनवर ऑथेंटिकेटरमध्ये किती पार्ट्यांच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ चे ओटीपी आहेत, विचारा त्याला.

---

शिरोली_नाका | शुक्रवार, सकाळी ८:१०

विचारलं. अकरा.

---

जुनाजाणता_शाहूपुरी | शुक्रवार, सकाळी ८:२२

आणि डोमेन मालकाच्या भाच्याच्या जीमेलवर असणार. असतंच. भाचा आता कॅनडात असतो.

---

शिरोली_नाका | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:४०

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

तीन पार्ट्या निवडल्या: ती फौंड्री, हॉस्पिटल आणि एक सीए. हुडू आणि बुकस्टॅक दोन्हींत ह्या तिघांची माहिती भरली. ताईंची परीक्षा घेतली, पोरांच्या हातात मोबाईल देऊन. बुकस्टॅकमध्ये लिहायला पोरं खूश होती, पण शोधताना प्रत्येकानं वेगळ्या मथळ्याखाली लिहिलेलं निघालं. एकानं 'नेट', एकानं 'बीएसएनएल', एकानं 'लाईन प्रॉब्लेम'. तिथंच ठरलं. हुडू घेतलं, मुंबईतल्या डेटा सेंटरमधल्या व्हीएमवर (आभासी सर्व्हरवर), बॅकअप रोज दुसरीकडं जातो. चढवून बघितला, फोटोसकट.

माझी चूक सांगतो. पहिला लेआउट मी हौसेनं ३१ रकान्यांचा केला. वॉरंटीची तारीख, खरेदीचं बिल, मॅक ॲड्रेस, भिंतीचा रंग तेवढा राहिला. दोन दिवसांत बघतो तर पोरांनी वीस रकान्यांत नुसती आडवी रेघ मारलेली. आता सात सक्तीचे, बाकी जमेल तेव्हा. आणि पानाची लिंक टाकल्याशिवाय कॉल बंद होत नाही. पहिल्या आठवड्यात शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या आठवड्यात आमच्यातलं सगळ्यात धाकटं पोरगं एकटं हॉस्पिटलला गेलं, रात्री साडेअकराला, एक्स-रेच्या पीसीचं शेअरिंग बंद पडलेलं. मला फोन न करता काम करून आलं. सकाळी कळलं मला.

१४ पार्ट्या भरून झाल्या, २४ राहिल्या. भाच्याच्या जीमेलवरची डोमेन चार निघाली, जुनाजाणता, तुमच्या तोंडात साखर. एक भाचा खरोखरच कॅनडात आहे. बँकेतल्या साहेबांचं कलम करारात आम्हीच आपणहून घातलं, दोन पार्ट्या त्यावर खूश होऊन तीन वर्षांची सही करून गेल्या.

काट्याचं पान सगळ्यात आधी भरलं. कॉम ३, २४००, इव्हन, ७, १. इंडिकेटरचा फोटो, केबलचा फोटो, काटेवाल्याचा नंबर. त्या पार्टीचं काही राहिलेलं नाही आता.

---

नवा_पुणेकर | रविवार, रात्री ९:०३

दादा, मीच तो पेढेवाला. धागा आज सापडला. ऑथेंटिकेटर सगळे काढून टाकलेत, स्क्रीनशॉट पाठवतो.

पण मागच्या गेटच्या काट्याचं कुठं लिहिलंय? तो कॉम १ वर हाय, ९६०० ला, पॅरिटी नाही.

---

शिरोली_नाका | रविवार, रात्री ९:०५

मागच्या गेटला काटा हाय?